हंगामाच्या शेवटच्या सामन्यांसाठी बास्केटबॉल पंचानं मन कसं तयार करावं: आधी उतरवायचं, मग भरायचं

पावसाळा सरता सरता शालेय स्पर्धा सुरू होतात. तालुका, जिल्हा, विभाग. मध्येच आंतरमहाविद्यालयीन सामने, मग क्लबच्या खुल्या स्पर्धा. थंडी पडून निफाडचा पारा रोज बातम्यांत यायला लागतो, तोवर नाशिकमधल्या नेहमीच्या पंचाचे साठ-सत्तर सामने झालेले असतात. आणि नेमके तेव्हाच सगळ्यांत अवघड सामने वाट्याला येतात. मग मला फोन येतो, "सर, फायनल लागली आहे. काय वाचू?"

दरवर्षी हाच प्रश्न येतो, म्हणून हा लेख. साठ-सत्तर सामने केलेल्या माणसाला नियम येत असतात. त्याच्या डोक्यात जागा उरलेली नसते, ही खरी अडचण. मागच्या सामन्यातला वाद, एखाद्या कोचबद्दलची अढी, रोजची नोकरी, दुखणारी पोटरी, हे सगळं आत भरलेलं असताना तो वरून नियमपुस्तक ओततो. ते सांडतं. शेवटच्या तीन आठवड्यांची तयारी बहुतेकांची फसते ती क्रम उलटा लागल्यामुळे. खाली दिलेला क्रम मोडू नका. तिसरा टप्पा सोडून चौथा केलात, तर चौथ्याचा उपयोग होणार नाही.

हाताशी काय हवं: एक शंभर पानी वही, फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमपुस्तकाची चालू आवृत्ती, हातात मावतील अशी आठ-दहा कोरी कार्डं आणि तुमच्याशी खरं बोलेल असा एक सहकारी पंच. हा सहकारी सापडणं बाकी सगळ्यापेक्षा कठीण आहे.

टप्पा 1: थकवा कुठला आहे ते ओळखा (तीन आठवडे आधी)

"थकलोय" या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पहिला, अंगाचा थकवा. फास्ट ब्रेकवर (चेंडू मिळताच केलेल्या झटपट हल्ल्यावर) तुम्ही बेसलाइनला, म्हणजे रिंगमागच्या रेषेला, उशिरा पोचता आणि शॉट लांबून, धावता धावता बघता. हा ओळखायला सोपा आणि बरा व्हायलाही सोपा. चार दिवस झोप पुरी झाली की बराचसा जातो.

दुसरा, लक्षाचा थकवा. पाय चालतात, शिट्टी वाजते, पण डोळे वाचत नाहीत. माझ्या हातून घडलेली गोष्ट सांगतो. मुलींचा सामना, माझा त्या दिवसातला तिसरा. चौथ्या क्वार्टरला सव्वा मिनिट उरलं होतं. ड्रिबल करणाऱ्या मुलीच्या मनगटावर फटका बसला. मी मूठ वर केली, स्कोअररच्या टेबलाकडे जाऊन नंबर दाखवला आणि साइडलाइनवरून थ्रो-इन (रेषेबाहेरून चेंडू आत टाकणं) दिला. टेबलाच्या टोकाला लाल मार्कर उभा होता. म्हणजे फाउल करणाऱ्या संघाचे त्या क्वार्टरमध्ये चार फाउल आधीच झाले होते, हा पाचवा. दोन फ्री थ्रो द्यायला हवे होते. मार्कर मला दिसला होता. दिसला, पण मी तो वाचला नाही. थ्रो-इन झाला, शॉट हुकला, चेंडू बाहेर गेला, पुन्हा आत आला आणि मग स्कोअररनं बझर दिला. तोवर दुरुस्तीची मुदत संपली होती. त्या मुलीचा संघ एका गुणानं हरला. सामना संपल्यावर ती मुलगी हात मिळवायला आली आणि "थँक यू सर" म्हणाली. तिचं ते "थँक यू" अजून माझ्या कानात आहे.

तिसरा, माणसांचा थकवा. वेळापत्रकात एखाद्या संघाचं नाव वाचलं की पोटात गोळा येतो. एखादा कोच बेंचवरून उठला की तो काही बोलायच्या आत तुमचा जबडा आवळला जातो. हा थकवा झोपेनं जात नाही. त्यासाठी तिसरा टप्पा आहे.

तपासणी: पुढच्या दोन सामन्यांनंतर स्कोअरशीट न बघता वहीत तीन उत्तरं लिहा. शेवटच्या क्वार्टरमध्ये दोन्ही संघांचे टीम फाउल किती होते? पझेशनचा बाण (पुढच्या जंप बॉलला चेंडू कुणाचा, हे दाखवणारा) शेवटी कुणीकडे होता? कुणाचे किती टाइम-आउट उरले होते? मग शीटशी ताडून बघा. दोन्ही सामन्यांत दोन-दोन उत्तरं चुकली, तर तुमचा थकवा लक्षाचा आहे, पाय कितीही ताजे वाटोत.

टप्पा 2: सामने कमी करा (लगेच)

हा टप्पा सगळ्यांना पटतो आणि कोणी करत नाही. शनिवारी सकाळी फोन येतो, "सर, एवढा एकच घ्या ना, पंच मिळत नाहीये." आपण घेतो. एकाचे तीन होतात. मानधनाचाही प्रश्न असतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. कॉलेजात शिकणाऱ्या पंचाच्या पेट्रोलचा आणि फीचा खर्च त्यावर निघतो. म्हणून सरसकट "नाही म्हणा" असा सल्ला मी देत नाही. माझा हिशेब असा:

महत्त्वाच्या सामन्याआधीच्या आठवड्यात दिवसाला एकच सामना. आदल्या दिवशी एकही नाही, टेबलावरसुद्धा नाही. स्कोअरर म्हणून बसणं म्हणजे आराम, असं पुष्कळांना वाटतं. दीड तास शीटवर नजर खिळवून बसणं हे नेमकं त्याच लक्षाचं काम आहे, जे तुम्हाला राखून ठेवायचंय.

नकार देताना कारणांची यादी लावू नका. कारण दिलं की समोरचा त्यावर तोडगा काढतो. "सर, शनिवारी मला जमणार नाही. पुढच्या बुधवारनंतर सांगा, नक्की येतो." एवढं पुरे.

मोकळ्या झालेल्या वेळात व्यायाम वाढवू नका. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर अर्धा तास हलकं चालणं-पळणं आणि पोटऱ्या-मांड्या ताणून सैल करणं एवढंच. शेवटच्या पंधरा दिवसांत दम वाढत नाही, नुसती दुखापत होते.

टप्पा 3: जुनं उतरवा (दोन आठवडे आधी)

याला एक अख्खा रविवार द्या. आडव्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात काय घडलं ते, दुसऱ्यात तेव्हापासून मी मनात काय ठरवून बसलोय ते, तिसऱ्यात पुढच्या सामन्यात मी डोळ्यांनी काय बघणार ते.

पहिला रकाना सगळे सहज भरतात. दुसरा भरताना पेन अडतं, आणि ते अडायलाच हवं. नमुना देतो. पहिला रकाना: "सेमीफायनलला त्या संघाच्या कोचनं चार्जच्या निर्णयावर टॉवेल आपटला. मी टेक्निकल (गैरवर्तनाचा फाउल) दिला." दुसरा: "हा माणूस नाटकी आहे. याची पोरं मुद्दाम पडतात." तिसऱ्यात बहुतेक जण लिहितात, "शांत राहणार." हे लिहू नका. शांत राहणं मैदानावर डोळ्यांनी दिसत नाही. लिहायचं असं: "चार्ज (धक्का आक्रमकाचा) की ब्लॉक (बचाव करणाऱ्याचा), हे ठरवताना आधी बचाव करणारा खेळाडू बघणार. त्यानं दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, समोरासमोर, कायदेशीर जागा आधी घेतली होती का? धक्का छातीला लागला का?" मुलगा पडला कसा, यावर तुमचा निर्णय ठरायला नको. तुमच्या मनातला "नाटकी" हा शब्द नेमका पडण्याकडे नजर ओढत असतो. तिसऱ्या रकान्यानं ती नजर बचावाकडे परत आणायची.

दुसऱ्या रकान्यात कौतुकही लिहा. "या कोचचे संस्कार चांगले, यांची मुलं कधी उद्धट बोलत नाहीत." ही पण अढीच आहे. आवडत्या संघाचा हात चेंडूला लागला असं वाटतं आणि नावडत्याचा मनगटाला. नाशिकचं बास्केटबॉलचं वर्तुळ लहान आहे. तीच शाळा, तेच कोच, तीच मुलं चौदा वर्षांखालच्या गटापासून तुमच्यासमोर वाढलेली असतात. ओळख टाळता येणार नाही. ती लिहून काढता येते.

आणि काही गोष्टी लिहूनही उतरत नाहीत. संघ तुमच्या स्वतःच्या शाळेचा असेल, खेळाडूंत नात्यातलं मूल असेल, कोचशी मैदानाबाहेर पैशाचा किंवा नोकरीचा संबंध असेल, तर नेमणूक करणाऱ्याला आजच सांगा. "मी निःपक्षपाती राहीन" हा तुमचा विश्वास खरा असेलही, पण हरलेल्या मुलांना तो दिसणार नाही.

सावध: याच टप्प्यात स्वतःशी एक करार करा, भरपाईची शिट्टी वाजवायची नाही. पहिल्या टोकाला चुकीचा फाउल दिला म्हणून दुसऱ्या टोकाला एक हलका फाउल शोधून देणं. याला कोणी समतोल म्हणतं, कोणी माणुसकी. मी त्याला दोन चुका म्हणतो. पहिली नकळत झालेली असते, दुसरी जाणूनबुजून. आणि दुसरी ज्या खेळाडूवर पडते, त्याचा पहिलीशी काही संबंध नसतो.

तपासणी: रविवारनंतर तीन दिवसांनी वही उघडून दुसरा रकाना मोठ्यानं वाचा. वाचताना अजून आवाज चढत असेल, तर तेवढ्या ओळींबद्दल सहकाऱ्याशी बोला. घरच्यांशी नको. घरचे तुमची बाजू घेतात.

टप्पा 4: नियम वाचा, पण फक्त शेवटच्या दोन मिनिटांचे (दहा दिवस आधी)

आता पुस्तक उघडा. पहिल्या पानापासून वाचू नका. ट्रॅव्हल आणि डबल ड्रिबल तुमच्या हाडात आहेत. दमलेला मेंदू चुकतो तो क्वचित येणाऱ्या, एकात एक अडकलेल्या प्रसंगांत, आणि ते बहुतेक चौथ्या क्वार्टरच्या शेवटी किंवा जादा वेळेत येतात. प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड करा. पुढे प्रसंग, मागे निर्णय आणि हाताची खूण. माझ्या गठ्ठ्यात ही कार्डं कायम असतात:

घड्याळावर 2:00 किंवा कमी असताना बास्केट झाली: घड्याळ थांबतं. ज्यांच्यावर बास्केट झाली, त्या संघाला बदलीही मिळू शकते.

टाइम-आउट: दुसऱ्या हाफमध्ये तीन. पण चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत त्यातले जास्तीत जास्त दोनच. तिन्ही राखून ठेवलेला कोच इथे हमखास भांडतो. दोन मिनिटं व्हायच्या आत टेबलाला ही गोष्ट लक्षात आणून द्या.

आपल्या बॅककोर्टमधून (स्वतःच्या रिंगकडच्या अर्ध्या मैदानातून; समोरचं अर्धं ते फ्रंटकोर्ट) चेंडू मिळणाऱ्या संघानं शेवटच्या दोन मिनिटांत टाइम-आउट घेतला: थ्रो-इन बॅककोर्टमधून की फ्रंटकोर्टमधल्या थ्रो-इन लाइनवरून, हे त्यांचा कोच ठरवतो. पुढून घेतला आणि शॉट क्लॉकवर (शॉट मारायला उरलेले सेकंद दाखवणाऱ्या घड्याळावर) 14 पेक्षा जास्त असतील, तर ते 14 वर आणायचं. ही रेष स्कोअररच्या टेबलासमोरच्या बाजूला, बेसलाइनच्या आतल्या कडेपासून 8.325 मीटरवर असते. आपल्याकडच्या कित्येक सिमेंटच्या कोर्टांवर ती रंगवलेलीच नसते. सामन्याआधी टेप लावून खडूनं आखा.

संघाचा पाचवा फाउल: शॉट नसला तरी दोन फ्री थ्रो. पण फाउल चेंडू ताब्यात असलेल्या संघानं केला असेल, तर फ्री थ्रो नाही, थ्रो-इन.

शेवटच्या दोन मिनिटांत, थ्रो-इनचा चेंडू अजून पंचाच्या किंवा थ्रो-इन करणाऱ्याच्या हातात असताना बचाव करणाऱ्यानं आतमध्ये पर्सनल फाउल केला: एक फ्री थ्रो आणि वर चेंडूही त्याच संघाला.

आक्रमक संघानं रिंगला लागलेला रिबाउंड (हुकून परत आलेला चेंडू) घेतला: शॉट क्लॉक 14 सेकंद, 24 नाही.

घड्याळावर 0.3 सेकंद: चेंडू पकडून शॉट मारता येतो. 0.2 किंवा 0.1 असेल, तर फक्त टॅप (न पकडता चेंडू ढकलणं) किंवा थेट डंक.

जादा वेळ: 5 मिनिटं, एक टाइम-आउट. टीम फाउल चौथ्या क्वार्टरचेच पुढे चालू.

देय फ्री थ्रो दिलेच नाहीत: चुकीनंतर घड्याळ सुरू झालं, मग चेंडू पहिल्यांदा डेड झाला (खेळ थांबला) आणि पुन्हा लाइव्ह (खेळात) व्हायचाय, तोवरच दुरुस्ती. माझ्या त्या सव्वा मिनिटाचं हे कार्ड. ते गठ्ठ्यात सगळ्यांत वर असतं.

कार्ड मनात वाचायचं नाही. उभं राहायचं, प्रसंग मोठ्यानं म्हणायचा, खूण करायची, निर्णय बोलायचा. दिवसाला दहा मिनिटं. बसून वाचलेला नियम उभ्यानं आठवत नाही, हे मी नव्या पंचांच्या बाबतीत वारंवार पाहिलंय.

सावध: सामन्याच्या दोन दिवस आधी कार्डं बंद. आदल्या रात्री नियम चाळले की एखादा दुर्मीळ प्रसंग डोक्यात घर करतो आणि दुसऱ्या दिवशी तो नसतानाही दिसायला लागतो.

टप्पा 5: सामना मनात चालवा (चार दिवस आधी)

बरेच जण इथे स्वतःला बिनचूक पंचगिरी करताना बघतात. त्याचा तोटा असा, की पहिल्या पाच मिनिटांत एक चूक झाली की ते चित्र फुटतं आणि हातात दुसरं काही नसतं. त्याऐवजी बिघडलेला सामना चालवा. पहिलीच शिट्टी, निर्णय बरोबर, आणि अर्धं मैदान ओरडतंय. तुम्ही काय करता? श्वास कुठे सोडता? टेबलाकडे किती पावलं चालता? मुठीवरून नंबरावर हात कसा येतो? डोळे मिटून आठ मिनिटं, झोपायच्या आधी नव्हे तर दिवसा, खुर्चीवर ताठ बसून.

चित्र खरं व्हायला जागा माहीत हवी. शक्य असेल, तर सामन्याच्या वेळेलाच एकदा कोर्टवर जाऊन या. पंचवटीतलं क्रीडा संकुल असो की एखाद्या शाळेचं उघडं कोर्ट, चार गोष्टी बघा: बेसलाइन आणि भिंतीमध्ये किती अंतर आहे, पालक कुठे बसतात, टेबलावरून घड्याळ तुम्हाला कुठल्या कोनातून दिसतं, आणि संध्याकाळी ऊन कुठल्या रिंगच्या मागून येतं. डिसेंबरात सहाच्या सुमाराला उजेड जातो. चार-साडेचारला सुरू झालेला सामना लांबला, तर नेमकी शेवटची मिनिटं संधिप्रकाशात येतात. दिवे कोण आणि कधी लावणार, हे आधीच विचारा. सकाळच्या सामन्यात सिमेंटवर दव असतं. पाय घसरला की खेळाडूच्या आधी तुमचं मन दचकतं आणि पुढची दोन मिनिटं तुम्ही खेळ सोडून जमीन बघत राहता.

टप्पा 6: सामन्याचा दिवस

खाणं रोजचंच. मिसळ दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा. सामन्याआधी अडीच-तीन तास पोळी-भाजी किंवा वरण-भात, मग थोडं थोडं पाणी. चहा नेहमी दोन कप घेत असाल तर दोनच. ताण आला म्हणून चौथा नको.

पंचांचा अधिकार सामन्याच्या ठरलेल्या वेळेच्या 20 मिनिटं आधी सुरू होतो. त्याच्याही आधी निदान चाळीस मिनिटं मैदानावर पोचा. नाशिकरोडहून पंचवटीला यायचं असेल, तर द्वारका ओलांडायचा वेळ वेगळा धरा. धावत येऊन कपडे बदललेला पंच पहिला क्वार्टर संपेपर्यंत स्वतःच्या मागे धावत असतो.

पोचल्यावर फोन बंद करून बॅगेत ठेवा. आयोजकांशी नमस्कार-चमत्कार उभ्यानंच. दोन्ही कोचशी सारखाच वेळ बोला. एकाशी चहा आणि दुसऱ्याला नुसती मान, हे पालकांच्या नजरेतून सुटत नाही. दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांची आशा या सामन्यांना चिकटलेली असते. पालक ओरडतात त्यामागे ते असतं. हे माहीत असलं की त्यांचा आवाज अंगावर कमी येतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, सहकारी पंचाशी बोलणं. दहा मिनिटं पुरतात. वरिष्ठांनी अर्धा तास भाषण द्यायचं आणि कनिष्ठानं "हो सर, हो सर" म्हणायचं, ही आपल्याकडची पद्धत तयारीच्या मुळावर येते. मुख्य पंच पन्नाशीचे, दुसरा पंच बावीस वर्षांचा, कदाचित त्यांचाच जुना विद्यार्थी. सर चुकले तर तो मध्ये बोलेल? संस्कार त्याला गप्प बसवतात. म्हणून वरिष्ठांनीच आधी परवानगी द्यायची, स्पष्ट शब्दांत: "माझ्या हातून फाउलची मोजणी किंवा बाण चुकला, तर तू शिट्टी वाजवून माझ्याकडे चालत ये आणि म्हण, 'सर, एक मिनिट.' मी थांबेन. तू बरोबर नसलास तरी थांबेन." आणि मग खरंच त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्यायचं. हसू येतं, अवघडल्यासारखं होतं, तरी म्हणवून घ्यायचं. जो शब्द ड्रेसिंग रूममध्ये तोंडातून निघाला नाही, तो चौथ्या क्वार्टरमध्ये निघत नाही.

उरलेलं भराभर: शेवटच्या शॉटचा निर्णय कोण देणार, दोघांच्या शिट्ट्या एकदम वाजल्या तर खूण करायच्या आधी नजरानजर, भांडण झालं तर कोण बेंच बघणार, शॉट क्लॉक नसेल किंवा बंद पडलं तर टेबल काय करणार. टेबलावरच्या मुलांना नावानं हाक मारा आणि त्यांनाही तेच सांगा, शंका आली की पुढच्या डेड बॉलला बझर द्या, माझ्या चेहऱ्याकडे बघू नका. त्या दिवशी माझा स्कोअरर बहुधा माझ्या चेहऱ्याकडे बघतच थांबला होता.

टप्पा 7: सामना चालू असताना

चाळीस मिनिटं सलग एकाग्र राहता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नका. चेंडू लाइव्ह असताना पूर्ण लक्ष, डेड झाला की तीन-चार सेकंद मोकळीक, आणि परत लाइव्ह होण्याआधी एक ठरलेली फेरी. ही फेरी दर वेळी त्याच क्रमानं:

1. श्वास सोडा. चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. बाहेरचा श्वास लांब असला की छातीतली धडधड खाली येते.
2. घड्याळ आणि शॉट क्लॉक वाचा, आकडा मनात उच्चारा.
3. टेबल: टीम फाउलचा आकडा, मार्कर, बाण. इथेही आकडा उच्चारा. "चार. पुढचा पाचवा."
4. सहकाऱ्याशी नजर. मगच चेंडू द्या.

बघणं आणि वाचणं यांतला फरक या उच्चारात आहे. ओठ हलले तरी चालतील.

चूक झाल्याचं कळलं आणि ती दुरुस्त होण्यासारखी नसली, तर मनात एकच वाक्य: "झालं. पुढचा चेंडू." कारण शोधायला रात्र पडलीये. कोचनं विचारलं तर जवळ जाऊन, खालच्या आवाजात, तेवढंच: "सर, माझा कोन बंद होता. मला नीट दिसलं नाही." खरं असेल तरच म्हणा, आणि सामन्यात एकदाच. दर दोन मिनिटांनी दिलगिरी मागणाऱ्या पंचावर खेळाडूंचा विश्वास उरत नाही. कोच आरडाओरडा करत असेल तर उत्तर नको, तळहातानं थांबण्याची खूण आणि स्पष्ट ताकीद. तरी चालूच राहिलं, तर टेक्निकल चालण्याच्या वेगानं द्या, धावत जाऊन नाही.

शेवटची दोन मिनिटं सुरू झाली की सगळं अर्ध्या वेगानं करा, पाय सोडून. प्रसंग सुरू होतो, घडतो, संपतो. संपेपर्यंत थांबा, मग शिट्टी. ताणात शिट्टी नेहमी लवकर वाजते. आणि "आता शेवट आहे, खेळू दे" म्हणून पहिल्या क्वार्टरला दिलेला फाउल इथे गिळू नका. खेळाडूंनी सगळा सामना तुमच्या पहिल्या क्वार्टरच्या मापानं खेळलेला असतो.

तपासणी: प्रत्येक क्वार्टरनंतरच्या दोन मिनिटांत सहकाऱ्याला फक्त एक प्रश्न: "मी काय बघत नाहीये?" हाफ टाइमला स्कोअरशीटवर नजर टाका. पालकांच्या बाजूनं चालत जाऊ नका.

टप्पा 8: शिट्टी खाली ठेवल्यावर

शेवटचा बझर वाजला तरी मन सोडू नका. गुण, फाउल आणि टाइम-आउट तपासून मुख्य पंचाची सही झाल्याखेरीज शीट हातातून जाऊ देऊ नका. दमलेल्या पंचाच्या चुका इथेही होतात, आणि त्या दुसऱ्या दिवशी कार्यालयात कळतात.

मग त्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवरची क्लिप उघडू नका. कोणाच्या तरी मोबाइलनं, भलत्याच कोनातून घेतलेले सात सेकंद तुम्हाला काही शिकवणार नाहीत, झोप मात्र नेतील. वहीत तीन ओळी: एक प्रसंग जो नीट दिसला, एक जो दिसला नाही आणि तेव्हा मी कुठे उभा होतो. व्हिडिओ दुसऱ्या दिवशी, सहकाऱ्याबरोबर.

सकाळी सेमीफायनल आणि दुपारी फायनल असेल तर

आपल्याकडे हे सर्रास होतं, आणि वरचे तीन आठवडे मग तीन तासांत बसवावे लागतात. क्रम तोच ठेवा. सेमीफायनल संपली की पहिली वीस मिनिटं मैदानापासून लांब, सावलीत, बूट काढून. पाणी, केळं. मग वहीत तीन रकाने, फक्त सकाळच्या सामन्यापुरते, कारण त्या दोन संघांपैकी एक दुपारी पुन्हा समोर येणार आहे. त्यानंतर जेवण, हलकं. नंतर वीस मिनिटं आडवे व्हा, झोप लागली नाही तरी डोळे मिटून. मग उठून सगळ्यांत वरची तीन कार्डं उभ्यानं, आणि सहकारी बदलला असेल तर पुन्हा एकदा त्याच्या तोंडून "सर, एक मिनिट" म्हणवून घ्या. या मधल्या वेळात कोणी तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्याचं विचारायला येईलच. त्याला टेबलावरचं पाणी द्या, शिट्टी तुमच्या खिशातच राहू द्या.